ताम्हनातला चेहरा

या, अशा पुढे सरकून बसा. माझा आवाज आता लांब जात नाही. आणि कुणाला पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या, कारण मी सांगणार आहे ती गोष्ट पाण्याचीच आहे, आणि ती एकदा सुरू झाली की पेला हातातच राहतो. कीर्तनकार रंगवतात तशी मला काही रंगवता यायची नाही. मी फोटो काढणारी बाई. जे काचेवर उमटलं तेवढं सांगते.

"मावशी, उमटला का?" मुकुंदा अंधारखोलीच्या पडद्याबाहेरून विचारत होता.

"उमटतोय. पडदा ओढू नकोस, सगळं काळं होईल."

"काका कसे आलेत?"

लाल दिव्याखाली मी औषधाचं तबक हलवत होते. कोऱ्या कागदावर आधी कीर्तनकार वामनबुवांचे डोळे आले, मग मिशा, मग वर उचललेला हात. हात वर केला की पेटी-तबला थांबायचा आणि बुवा कथेत शिरायचे. वर्षानुवर्षं मी त्या क्षणाची वाट बघत कॅमेऱ्याच्या तिकाटण्याशेजारी उभी राहिले होते. आमचे हे गेल्यावर स्टुडिओ मी चालवायला घेतला; कॅमेरा कसा धरायचा ते त्यांनी शिकवलं होतं, पण फोटो कधी काढायचा ते मला बुवांच्या कीर्तनानं शिकवलं. "वेणूताई," ते एकदा म्हणाले होते, "कथा उभी राहते ती न सांगितलेल्यावर. सगळं सांगतो तो चहाडखोर." तेव्हापासून एका कीर्तनाला फोटोची एकच काच खर्च करायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

बुवा छान उमटले. पण त्यांच्या डाव्या खांद्यामागं कागद पांढराच राहिला. खांद्यापासून फेट्याच्या वरपर्यंत धुरासारखा एक पांढरा लोट.

मी कपाळाला हात लावला. कॅमेरा सासऱ्यांच्या वेळचा, लाकडी, पुढं कातडी भाता असलेला. भात्याला कुठंतरी भोक पडलं होतं. काल्याचं कीर्तन सकाळचं, मुरलीधराच्या देवळाच्या उघड्या अंगणात. तिरपं ऊन त्या भोकातून आत शिरलं आणि काच खराब झाली.

ओला फोटो घेऊन मी बाहेर आले, तर मुकुंदानं तो पाहिला आणि माझ्या दुकानात, फरशीवर, सरळ लोटांगण घातलं.

"अरे उठ! भाता फाटलाय माझा."

"मावशी, तेज आहे हे."

"ऊन आहे ऊन. हे बघ भोक. झुरळानं कातरलंय."

त्यानं भोकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि अगदी गोड हसला. "आणि झुरळाला कुणी पाठवलं, मावशी?"

फोटो छातीशी धरून तो निघून गेला. हा मुकुंदा बुवांचा पुतण्या. कीर्तनात पेटीवर बसायचा. हात गोड होता, पण पानाचा तोबरा सतत तोंडात, आणि बोलताना ओठांच्या कोपऱ्यात लाल फेस जमायचा. मी नेहमी त्याच्यापासून हातभर लांब उभी राहायची.

बुवांना तो फोटो दाखवला तेव्हा ते पोट धरधरून हसले. "वेणूताई, अहो, इतकी वर्षं देवाची कृपा व्हावी म्हणून घसा फोडला, आणि शेवटी झाली ती झुरळाची!" मग मुकुंदाला म्हणाले, "फेकून दे तो. कुणाला दाखवलास तर पेटीला हात लावू देणार नाही."

त्यानं दाखवला नाही. बुवा बोलत होते तोवर दाखवला नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी बुवांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मालिश सांगितली, जीभ हळूहळू वळेल असंही सांगितलं. बुवांची बायको कधीच गेलेली. एकच मुलगी, सुभद्रा, ती सासरी. मुकुंदा म्हणाला, मी आहे ना. सगळ्यांना बरं वाटलं. मलासुद्धा.

मग एक दिवस तो दुकानात आला आणि म्हणाला, "मावशी, त्या फोटोच्या बऱ्याच प्रती हव्यात."

"बुवा काय म्हणाले होते?"

"काका आता काही म्हणत नाहीत."

मी प्रती काढून दिल्या नाहीत. पण एक छापलेला फोटो हाती असला की शहरात त्याचा फोटो काढून हव्या तेवढ्या प्रती करून मिळतात. महिन्याभरात घराघरांत बुवा लागले, खांद्यावर तेज घेऊन. आणि पुढं कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, त्या फोटोला पाण्यानं न्हाऊ घालून ते पाणी तीर्थ म्हणून प्यायची चाल पडली. ताप असो, मूल होत नसो, म्हैस आटलेली असो, तीर्थ.

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. फोटो कायम राहावा म्हणून तो हायपोच्या पाण्यात बुडवावा लागतो. मग तो वाहत्या पाण्यात पुष्कळ वेळ धुवायचा, नाहीतर ते औषध कागदात तसंच मुरून राहतं. आमच्या यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की हे पाणी मांजराच्या तोंडालाही लागता कामा नये. शहरातून घाईनं आलेल्या त्या प्रती मी हुंगून पाहिल्या होत्या. नीट धुतलेल्याच नव्हत्या. खोकल्याच्या बाटलीत नासकं अंडं फोडावं तसा वास.

आठवडी बाजारात सुभद्रा भेटली. मी तिला बाजूला घेतलं.

"सुभे, बाबांच्या गोळ्या बंद केल्यात, माहीत आहे का तुला? डॉक्टर स्वतः मला म्हणाले. मुकुंदा त्यांना ते फोटोचं पाणी पाजतोय."

"मावशी, दादा त्यांना तळहातावर जपतो. मी मागच्या पंधरवड्यात जाऊन आले. फेटा, गंध, हार, चौरंगावर कसे बसले होते!"

"एकटे भेटले का तुला?"

"एवढी माणसं दर्शनाला. एकटे कसे भेटतील?"

"त्यांनी तुझ्याकडं बघितलं का?"

तिनं भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मावशी, तुम्ही कीर्तनाला सगळ्यांच्या आधी येऊन बसणाऱ्या. देवाधर्मात खोट काढायची सवय तुम्हाला कधीपासून लागली?"

माझ्या जिव्हारी लागलं ते. पण तिचं तरी काय चुकलं? माझ्याकडं होता फक्त शब्द, आणि समोर अख्खं गाव. बुवांना तिथून उठवून न्यायचा हक्क मात्र तिचा एकटीचा होता. तिला पटलं नाही तर बुवा त्या चौरंगावरच संपणार, हे मला दिसत होतं.

गुरुपौर्णिमेला मुकुंदानं मला बोलावणं धाडलं. मोठा फोटो हवा, तोच कॅमेरा आणा, भाता नवा घातला असेल तर जुना लावून आणा! मी भाता केव्हाच सांधला होता. जाऊ नये असं वाटत होतं. बुवा दिसतील म्हणून गेले.

बुवांच्या दारात तरटाचा मंडप घातला होता. आत कोंदट अंधार, उदबत्तीचा धूर आणि त्याच्याखाली, लपता न लपणारा, हायपोचा वास. माझ्या अंधारखोलीचा वास देवाच्या मंडपात! चौरंगावर लोडाला टेकवून बुवांना बसवलं होतं. फेटा घट्ट बांधलेला, कपाळभर गंध. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि तिच्यावर माश्या. हारांखाली उपरणं ओलं होऊन पिवळं पडलं होतं. मी पायाशी वाकले तेव्हा धोतराचा वास आला. कुणी बदललंच नव्हतं. पुढून नैवेद्य आणि खालून ही घाण.

"बुवा," मी म्हटलं, "मी वेणू."

त्यांचा डावा डोळा माझ्याकडं वळला. बस, एवढंच.

समोर घंगाळात पाणी ठेवलेलं, मुद्दाम कोमट. बुवांच्या घशाला थंड चालत नाही म्हणून फोटोलाही थंड चालत नाही, असं एक बाई दुसरीला समजावून सांगत होती. ताम्हनात फोटो एकावर एक. मुकुंदा, आता भगवी शाल पांघरलेला, वरून पाणी सोडायचा, आणि ताम्हनातलं पाणी पळीपळीनं लोकांच्या ओंजळीत. कोमट पाण्यात भिजूनभिजून फोटोवरचा थर सैल झाला होता. कागदावर चित्र धरून ठेवणारा तो सरसासारखा थर असतो, जनावराच्या हाडा-कातड्याचा. कागद खाली राहिला आणि वरचा बुळबुळीत पापुद्रा सुटून पाण्यावर आला. बुवांचा चेहरा. डोळे, मिशा, वर केलेला हात, सगळं सुटं होऊन ताम्हनात तरंगत होतं, काठाला लागून दुमडत होतं.

"अगबाई, रूप दिलं!" रांगेतली एक बाई किंचाळली.

पोटुशी होती बिचारी. तिनं तो पापुद्रा बोटांवर उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. चावला नाही, तसाच गिळला. बाकीच्या तिच्या नशिबाचा हेवा करत होत्या.

मी मंडपामागं जाऊन ओकले. चूळ भरायला कुणीतरी तांब्या पुढं केला. मी तो घेतला नाही.

परत आले तर मुकुंदा वाटच बघत होता. "मावशी, आता मुख्य सोहळा. काकांना तीर्थ देतो. तेवढाच फोटो हवा. सेवा दिसली पाहिजे."

मी काळ्या कापडाखाली शिरले. मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं. उलटे बुवा, उलटा मुकुंदा. मुकुंदानं पेला बुवांच्या ओठांना लावला. बुवांनी तोंड मिटलं.

"घ्या काका."

बुवांनी मान फिरवली. लोक कौतुकानं हसले. "बाळलीला!" कुणीतरी म्हणालं. मुकुंदाही हसला, आणि हसता हसता त्यानं डाव्या हातानं बुवांचे गाल दोन्हीकडून दाबले. वासराला औषध पाजताना जबडा दाबतात तसे. बोटं गालात रुतली. बुवा इकडून तिकडं मान हलवत होते, पाणी हनुवटीवरून ओघळत होतं, आणि माझ्या काचेवर ते वर वर चढताना दिसत होतं.

मी कापडाबाहेर आले, सवयीनं भिंगावर झाकण लावलं आणि मागं कोरी काच सरकवली. हा फोटो काढायचा नाही, असं ठरवलं. ज्या माणसाचा मी फक्त वर उचललेला हात टिपत आले, त्याची ही दशा काचेवर कायमची करायची? गावानं त्यांना पाण्यात घातलं, मी औषधात घालू? शिवाय मंडपात उजेड नव्हता. तीन-चार आकडे मोजेपर्यंत झाकण उघडं ठेवावं लागणार, आणि झटापट करणाऱ्या माणसाचा तेवढ्या वेळात नुसता धूसर डाग उमटतो. निघणारच नव्हता तो फोटो. मी तिकाटण्याचा खिळा सैल करायला हात घातला.

तेव्हा बुवांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं, मग भिंगाकडं.

आणि त्यांनी मान हलवायची थांबवली.

लोकांना वाटलं, मानले बुवा. मुकुंदालाही तेच वाटलं. पण मी आयुष्यभर माणसांना समोर बसवलंय हो. हार मानलेलं माणूस सैल पडतं. बुवा सैल पडले नव्हते. पाठ ताठ केली होती, श्वास रोखला होता, डोळा भिंगावर लावला होता. फोटोला बसतं तसं ते बसले होते. तोंड मात्र घट्ट मिटलेलंच.

माझा हात आपोआप भिंगाच्या झाकणावर गेला.

"हलू नका हं," मी म्हटलं.

मुकुंदा जागच्या जागी थिजला. शाल सावरली, हनुवटी उचलली. बोटं गालात तशीच. ओठ न हलवता म्हणाला, "मावशी, माझा हात दिसतोय ना?"

"दिसतोय. चांगला दिसतोय."

झाकण काढलं. मोजलं. झाकण लावलं. त्याच क्षणी बुवांनी मान झटकली आणि पेलाभर पाणी त्यांच्या छातीवर सांडलं.

दुसऱ्या दिवशी फोटो दोरीवर वाळत होता तेव्हा मुकुंदा आला. मी लपवायला धावले, पण त्याची नजर आधीच गेली. आता हा पेटणार, असं मला वाटलं. तो जवळ गेला, मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिला. ओठांच्या कोपऱ्यात लाल फेस.

"वा!" तो म्हणाला. "वा, मावशी! काय सेवाभाव उतरलाय!"

"मुकुंदा, बुवांचं तोंड बघ."

"बघितलं की. किती शांत आहेत."

"तुझी बोटं बघ."

"तीच तर! गुरूला आधार दिल्यासारखी वाटतात ना? हा मोठा करून द्या, दारावर लावतो."

लपवाछपवी करणारा पापी मला कळला असता. हा तर आपलं पाप डोळे भरून बघत होता आणि त्याला हार घालायला निघाला होता.

"तुला हा मिळायचा नाही," मी म्हटलं.

"का?"

"तुला आवडला म्हणून."

त्याला कळलं नाही. मग चिडला, दुकानाची पायरी कुणी चढणार नाही असं म्हणाला, आणि उंबऱ्याशी थुंकून गेला. मी फरशी धुतली. मग हात धुतले, आणखी एकदा धुतले, फोटो ओच्यात गुंडाळला आणि दुपारची एसटी पकडली.

सुभद्रा अंगणात शेंगा फोडत होती. मला बघून उठली नाही. मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं हात पुसून तो उजेडात धरला. मला भीती वाटली की हीसुद्धा म्हणणार, किती सेवा करतो दादा. गावानं तेच म्हटलं असतं. तोच कागद, तीच बोटं.

"लहानपणी मी एरंडेल घेत नसे," ती एकदम म्हणाली. "आई नाक दाबायची. बाबा समोर बसून माझी नक्कल करायचे. असे. अस्से ओठ आत ओढून." तिनं फोटोवर बोट ठेवलं. "मी हसले की आई चमचा आत सरकवायची." मग बोट न उचलता म्हणाली, "मावशी, बाबा नक्कल करत नाहीयेत ना हो इथं?"

"नाही गं."

ती उठली, आत जाऊन नवऱ्याला म्हणाली, "जीप सांगा कुणाची तरी. आत्ता." मग चुलीपाशी गेली, फोटो एकदा छातीशी धरला आणि जाळात सारला. "मी बघितला ना, झालं. काच तुम्ही फोडा, मावशी. परत कुणी बघायचा नाही."

"फोडते," मी म्हटलं. आणि परतल्यावर फोडली.

आम्ही पोचलो तेव्हा मंडपात रांग होतीच. सुभद्रा थेट चौरंगाशी गेली. हार काढले, फेटा काढला. फेट्याखाली कपाळावर वळ उठले होते. ओल्या धोतराला हात लागला तेव्हा ती एकदाच "आई गं" म्हणाली, आणि तिनं बापाला खांदा दिला. जावयानं दुसरीकडून धरलं.

"अगं, काय करतेस?" एक म्हातारा आडवा आला. "देव्हाऱ्यातला देव उचलून नेतेस?"

"देव ठेवा तुम्ही," सुभद्रा म्हणाली. "फोटो इथं आहे, ताम्हन इथं आहे. बाप तेवढा माझा आहे, तो नेते."

सगळे मुकुंदाकडं बघायला लागले. मला वाटलं, आता हा पाय धरील, आरडाओरडा करील. त्यानं बुवांकडं पाहिलंसुद्धा नाही. रांग मोडत नाही ना, एवढं बघितलं, आणि चौरंगामागच्या तेजवाल्या मोठ्या फोटोचा हार सरळ केला. आम्ही जीपपर्यंत पोचायच्या आत मागून पळीचा ताम्हनावर आवाज आला. तीर्थ पुन्हा सुरू झालं होतं. पुढं गावात बोलू लागले की बुवा गुप्त झाले. अर्ध्या गावानं त्यांना जीपमध्ये बसताना पाहिलं होतं, आणि तेच अर्धं गाव सांगत होतं, गुप्त झाले! किळस येते ती त्या पाण्याची नाही हो मला. ह्याची येते.

आषाढ-श्रावण गेला. भाद्रपदात मी सुभद्राकडं गेले, कॅमेरा घेऊनच. तिच्या सासऱ्यांना फोटो हवा होता. बुवा ओसरीवर बसले होते, डोकं उघडं, अंगात स्वच्छ बंडी. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. डाव्या हातानं पेला धरून स्वतःचं स्वतः दूध पीत होते. वाचा काही फारशी परतली नव्हती, पण मला बघून त्यांनी पेला खाली ठेवला, आणि मिशीला ही एवढी साय! सुभद्रा म्हणाली, "बाबा, मांजर झालात." त्यांनी पदर ओढून मिशी तिच्याच पदराला पुसल्याचं सोंग केलं, आणि हसले. अर्धं तोंड हलेना, अर्ध्यानंच हसले. पण घशातून तोच जुना, देवळाचं अंगण भरून टाकणारा आवाज फुटला.

मी धावतच कॅमेरा मांडायला लागले. इतका सुंदर उजेड होता!

बुवांनी तळवा पुढं धरला. नको.

"एकच," मी म्हटलं.

त्यांनी हळूच मान हलवली. रागावलेले नव्हते. मी तिकाटणं मिटलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

तो फोटो माझ्याकडं नाही. कुणाकडंच नाही. ते तेजवाले मात्र अजून पुष्कळ घरांत लटकताहेत, तुमच्यापैकी कुणाच्या आजोळी असेलही. म्हणून तुम्हाला जवळ बसवून सांगितलं. एवढं एक करा माझ्यासाठी. कधी वामनबुवांचं नाव कानावर आलं, तर त्या भाद्रपदातल्या ओसरीवरच्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा, मिशीला साय लागलेल्या, अर्ध्या तोंडानं हसणाऱ्या.